डाव्या गुडघ्यावरची चार वर्षं

मी बोलतोय तो एका डाव्या गुडघ्याचा पट्टा. पट्टा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर औषधांच्या दुकानात मिळणारा, मोज्यासारखा ओढून चढवायचा कापडी पट्टा आला असेल. तो आमच्यातला गरीब नातेवाईक. मी धातूचा आहे. मांडीवर एक चौकट, पोटरीवर एक चौकट, दोन्ही बाजूंना लांब हात, हात जिथे मिळतात तिथे बिजागऱ्या आणि वरून आवळायला वेल्क्रोचे बंद. गुडघ्याला पुढेमागे वाकू द्यायचं, पण बाजूला केसभरही हलू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. एखादा धिप्पाड गडी बाजूने येऊन पायावर कोसळला की मग कळतं.

आमच्याकडचा अमेरिकन फुटबॉल म्हणजे तुमचा तो पायाने मारायचा खेळ नव्हे. इथला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, हातात धरून पळायचा नाहीतर फेकायचा. फेकणाऱ्याचं नाव होतं, फोटो छापून येतात. त्याच्यापुढे पाच दांडगी पोरं उभी राहून अंगावर येणाऱ्यांना थोपवतात, त्यांची नावं त्यांच्या आयांना तेवढी ठाऊक असतात. ह्या पाच जणांना लाइन म्हणतात. त्यातल्या डाव्या टोकाच्या पोराचा मी. सेमिसी मोतुलिकी त्याचं नाव. घर सॉल्ट लेकला, माणसं मूळची टोंगा बेटांवरची, आणि कॉलेज घरापासून गाडीने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर.

माझा जन्मच त्याच्या दुखण्यातून झाला. कॉलेजात पाऊल टाकलं त्याच उन्हाळ्यात सरावात त्याच्या गुडघ्याच्या आतला अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रिया झाली. सहा फुटांहून उंच पोरगं कुबड्यांवर जिने चढताना रडायचं, असं ऑगी सांगतो. ऑगी म्हणजे आमच्या साहित्याच्या खोलीचा मालक. कागदोपत्री नसेल, पण तिथे त्याचंच राज्य. त्यानेच सेमिसीच्या पायाची मापं घ्यायला कारखान्याचा माणूस बोलावला आणि त्या मापांवर मी घडलो. दुसऱ्या कुणाच्याही पायावर मी बसत नाही. उजव्या पायावरचा पट्टा मात्र कपाटातला, तयार मापाचा. लाइनवरच्या पोरांना दोन्ही पायांना पट्टे सक्तीचे म्हणून त्याची वर्णी लागली. त्याने सगळी वर्षं झोपा काढल्या. मी त्याच्याशी बोलत नाही.

आता एक नियम ध्यानात घ्या, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. कॉलेजच्या खेळात पोराला चार हंगाम मिळतात. पण ज्या वर्षी तो मैदानात उतरलाच नाही, ते वर्ष हिशेबात धरत नाहीत. सेमिसीचं पहिलं वर्ष असं गेलं. म्हणजे या हंगामात तो कॉलेजात चौथ्या वर्षाला होता आणि मैदानात तिसऱ्या. त्याचं अजून एक वर्ष शिल्लक होतं.

ते वापरायचं की सोडून द्यायचं, हा प्रश्न होता. दर एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं निवडतात. त्याला इथे ड्राफ्ट म्हणतात. निवड तीन दिवस चालते. पहिल्या दिवशी ज्याचं नाव पुकारलं त्याच्या घरी दिवाळी. तिसऱ्या दिवशी ज्याचं पुकारलं, तो उन्हाळाभर संघात टिकला तरी पुष्कळ. वर्ष शिल्लक असताना जायचं तर जानेवारीच्या मध्यापर्यंत नाव द्यायचं, आणि एकदा निघालात की मागे वळायची सोय नाही.

माझं मत विचाराल तर त्याने थांबावं असंच मला वाटत होतं. उगाच मोठेपणा कशाला सांगू? व्यावसायिक संघात गेल्यावर ही पोरं आम्हाला काढून टाकतात. पाय जड होतो म्हणे. तो गेला की मी भंगारात. त्यामुळे ‘थांब’ म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी पहिल्यापासून होतो.

सेमिसी घोटाळत होता ते वेगळ्या कारणाने. गुडघा सप्टेंबरपासून सुजत होता. कुणाला दिसला नाही, कारण त्याच्यावर मी होतो. सकाळी माझा खालचा बंद जिथे बसायचा तिथे सराव संपेपर्यंत बसेना. सेमिसी इकडेतिकडे बघायचा, बंद हळूच बोटभर सैल करायचा आणि वरून मोजा ओढायचा. आमच्या फिजिओबाईंनी विचारलं की म्हणायचा, एकदम मस्त आहे. मैदानाच्या कडेला व्यावसायिक संघांची माणसं कोट चढवून उभी असायची. त्यांच्या कानावर गुडघ्याचा ‘ग’ जरी गेला असता तरी त्याचं नाव खाली घसरलं असतं. आणि कोचना सांगावं, तर लाइन उघडी पडली असती. शहाणा मुलगा, पण या बाबतीत अगदी गाढव. मला त्याचा इतका राग यायचा की एकदोनदा मी मुद्दाम कातडीला चिमटा काढला. त्याने त्या जागी चिकटपट्टी लावली आणि पुन्हा मला आवळलं.

ऑक्टोबरच्या अखेरीला कोच ग्रेडींनी त्याला सरावानंतर बोलावून घेतलं. पट्टेही न काढता तो त्यांच्यासमोर बसला. ग्रेडी वाईट माणूस नव्हे. सेमिसीला कॉलेजात घेण्यासाठी ते सॉल्ट लेकला त्याच्या आत्याच्या घरी गेले होते, जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि अळूच्या पानात नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण बोटं चाटत जेवले होते. निघताना आत्याला शब्द दिला होता की तुमचा मुलगा मी जसा नेतोय त्याहून चांगला परत करीन. मोतुलिकींच्या घरात हा शब्द अजून सांगतात.

“सेमिसी, भल्याचं सांगतो,” कोच म्हणाले. “आत्ता गेलास तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी नाव घेईल आणि ऑगस्टमध्ये घरी पाठवेल. एक वर्ष थांब. अंग अजून भरू दे. पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी जाशील.”

सेमिसीने मान डोलावली. कोचनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. कोच मंडळींचं हे मी कायम बघत आलोय. थाप नेहमी खांद्यावर. खाली कुणी बघत नाही.

बाहेर वेड बसला होता. वेड हचिन्स म्हणजे लाइनवरचा त्याचा शेजारी, गुरं पाळणाऱ्या घरातला, जिभेला हाड नसलेला. मागच्या वर्षी वेडचं नाव त्या कोटवाल्यांच्या तोंडी होतं. कोचनी त्यालाही थांबायला सांगितलं, तो थांबला, आणि या हंगामाच्या सुरुवातीलाच त्याचा खांदा निखळला. तो आता पट्ट्या गुंडाळून खेळत होता आणि कोटवाले त्याच्या अंगावरून पुढे बघत होते.

“एक वर्ष थांब म्हणाले ना?” वेड म्हणाला. “मलाही त्याच खुर्चीत बसवलं होतं. बरी आहे खुर्ची.”

सेमिसीने विचारलं, तुला त्यांचा राग येत नाही का?

“कशाला येईल? त्यांनी सल्ला दिला. खांदा घेऊन मैदानात मी उतरलो.” मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. “तुझा गुडघा आणि माझा खांदा काढून टाकला ना, तर दोघांत मिळून एक धड माणूस निघेल.”

सेमिसी हसला नाही. वेडला माहीत आहे, हे त्याला तेव्हा कळलं. वेडने पुढे विषय काढला नाही, आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

मग जो तो सल्ला द्यायला लागला. चर्चचे पाद्री, न्हावी, इतिहासाचे प्राध्यापक, कॉलेजच्या संघावर पैसा लावणारे बडे लोक, ज्यांनी थांबलास तर घरच्यांची सोय बघू असंही सुचवलं. पदवीसाठी तरी थांब, असं कुणी म्हणावं तर ती मे महिन्यात हातात पडणारच होती. त्याचे वडील फरसबंदीच्या कामावर जात. ते फोनवर एवढंच म्हणायचे की देव सुचवेल. देवाने काही सुचवलं नाही. त्याने आत्याला पाठवलं.

इथल्या कॉलेजांत शेवटच्या घरच्या सामन्याला निरोपाची रीत आहे. ज्यांचं हे शेवटचं वर्ष, ती पोरं सामन्याआधी एकेक करून मैदानात येतात. आईवडील बरोबर, नाव पुकारलं जातं, सगळं मैदान उभं राहतं. ज्याचं वर्ष शिल्लक आहे आणि तरी जो त्या रांगेतून चालत आला, त्याने जातो म्हणून सांगितल्यासारखंच असतं. दुसऱ्या दिवशी तोंड उघडायचीही गरज उरत नाही.

त्या सकाळी मला पायावर चढवत असताना सेमिसीचा फोन वाजला. वडील होते. म्हणाले, आम्ही गाडी लावतोय, तुझ्या आत्याने हार केलेत.

“कसले हार?”

“निरोपाचे. महिनाभर बसून केलेत. गोळ्यांचे, चॉकलेटांचे, रिबिनींचे. सगळ्या लाइनला पुरतील एवढे.”

“बाबा, माझं शेवटचं वर्ष नाहीये.”

“मला माहीत आहे.”

“मग तिला सांगा ना.”

पलीकडे गाडीचं इंजिन बंद झालं. “तू सांग,” वडील म्हणाले आणि फोन ठेवला.

यात वडील भित्रे होते असं समजू नका. त्यांच्यात बापाची थोरली बहीण म्हणजे घरातलं सगळ्यात वरचं माणूस. लग्न असो, मयत असो, पहिला मान तिचा. भाऊ तिच्यासमोर थट्टामस्करी करत नाही, भाच्याने तिचा शब्द मोडायचा नाही, ती चुकली तरी ती चुकली असं म्हणायचं नाही. आत्या फाताईने बोटांवर चार वर्षं मोजली होती. चार वर्षांनी कॉलेज संपतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. घरात सगळ्यांना खरं काय ते माहीत होतं आणि एकानेही ब्र काढला नव्हता. उलट चुलत बहिणींनी चॉकलेटांना रिबिनी बांधायला मदत केली होती.

मैदानात जायच्या बोगद्यात रांग लागली होती. बाहेरून बँडचा आवाज घुमत होता. आयांच्या कोटांवर फुलं, बापांचे हात खिशात, पोरं अंगभर चिलखत घालून लहान मुलांसारखी अवघडलेली. वेड एकटाच उभा होता. त्याच्या घरच्यांना गुरांच्या बाजारामुळे येता आलं नव्हतं. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, रांगेचं पहिलं माणूस म्हणून, आत्या फाताई. काळा झगा, कमरेला मानाची विणलेली चटई, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत हार. मागे अर्धं खानदान. वडील सगळ्यांच्या शेवटी, भिंतीला पाठ लावून.

सेमिसीचा गुडघा तिला बघून ताठ झाला. मला जाणवलं. थोपवायला समोर अख्खा संघ असतानाही तो असा ताठ होत नसे.

तेवढ्यात कोच ग्रेडी आले. त्यांनी हार बघितले, रांग बघितली आणि सेमिसीला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. “तू इथे काय करतोयस? बाहेर गेलास तर गेलास, हे कळतंय ना तुला? मी मागे ओढू शकणार नाही.”

ते आत्याला ऐकू गेलं. “कोच, वर्षं भरली,” ती म्हणाली. “मी मोजली आहेत.”

कोचनी टोपी काढली आणि तिला अदबीने समजावून सांगितलं. पहिल्या वर्षी मुलगा खेळला नाही, त्यामुळे ते वर्ष नियमाने धरत नाहीत. त्याचं एक वर्ष आमच्याकडे शिल्लक आहे.

आत्याने ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, “ज्या वर्षी माझ्या पोराचा पाय कापला, तेच वर्ष तुम्ही धरत नाही?”

कोचनी हातातली टोपी उलटी केली, सुलटी केली. मी त्या वर्षाचा पट्टा. मला माझंच वय पहिल्यांदा कुणीतरी सांगितल्यासारखं वाटलं.

आत्या सेमिसीकडे वळली. तिने श्वास घेतला. आता ती बोलणार आणि विषय कायमचा मिटणार, हे सगळ्या खानदानाला कळलं. ती जा म्हणाली असती तर तो गेला असता. थांब म्हणाली असती तर तोच सुजलेला गुडघा घेऊन अख्खं वर्ष थांबला असता. सेमिसी तिच्यासमोर खाली बसला, म्हणजे एक गुडघा जमिनीला टेकून. टेकला तो उजवा; सुजलेला डावा, माझ्यासकट, तिच्यासमोर वाकून उभा.

“आत्या, तू बोललीस तर मला ते करावंच लागेल,” तो म्हणाला. “हे मला ठरवायचंय. म्हणून तू बोलू नकोस.”

मागून कुणाच्या तरी हातातली पिशवी पडली. वडिलांनी डोळे मिटले. त्यांच्या घरात असं आजवर कुणी बोललं नसेल, आणि आत्यापुढे तर नाहीच. मी तिच्या पावलांकडे बघत होतो. जुने, पुसून चकचकीत केलेले बूट होते. ते हलले नाहीत.

मग ती वाकली. त्याला उठवायला म्हणून तिने हात पुढे केला आणि आधारासाठी तो डाव्या गुडघ्यावर ठेवला. माझ्या चौकटीमधून तिची बोटं थेट कातडीला लागली. गुडघा तापलेला होता. सराव झालेला नव्हता, धावणं झालेलं नव्हतं, सकाळपासून तो नुसता बसून होता आणि तरी तापलेला होता. तिची बोटं तिथेच राहिली. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याने नजर चुकवली.

आता ती बोलेल, असं मला वाटलं. मी तर मनातल्या मनात हात जोडले. बाई, बोल. तुझा शब्द मोडायची याची छाती नाही, याला आज उतरू देऊ नकोस. पण तिने ओठ मिटले. सरळ उभी राहिली. सगळ्यात मोठा हार उचलला, रांगेतून चालत वेडपाशी गेली आणि त्याच्या गळ्यात घातला.

“तुझं कोण आलंय?” तिने विचारलं.

“कुणी नाही, मावशी.”

“मग वाक जरा. उंट आहेस का?” तिने त्याच्या कोपरात हात घातला. वेडचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो तिच्याबरोबर बाहेर गेला. सेमिसी बोगद्यात मागे राहिला, माझा वरचा बंद आवळत.

सामना सुरू झाला. आत्या कठड्याजवळ पहिल्या ओळीत होती आणि बाकीचे ओरडत असताना ती तोंड मिटून बसली होती. सेमिसी दर वेळी परत येताना तिकडे बघायचा. मला वाटतं, ती रागावून ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. पहिल्या अर्ध्यात आम्ही ठीक होतो. समोरचा गडी चपळ होता, आतल्या बाजूने घुसायला बघायचा, आणि प्रत्येक वेळी सेमिसी डाव्या पायावर भार टाकायचा अर्ध्या क्षणाने टाळत होता. कोटवाल्यांना कळलं की नाही देव जाणे. वेडला कळलं होतं. तो आपला माणूस सोडून दोनदा आमच्या मदतीला आला.

दुसऱ्या अर्ध्यात ते झालं. फेकणारा मागे सरकला, सेमिसीने आपल्या माणसाला छातीवर घेतलं, पाय रोवला. शेजारी दोघांची झटापट चालली होती. त्यातला त्यांचा आडदांड गडी भेलकांडला आणि बाजूने, सगळ्या वजनानिशी, माझ्यावर पडला.

मी धरलं. दुसरं काय करणार? माझा बाहेरचा हात मुळापासून कळवळला. बिजागरी आतल्या आत दाबली गेली. गुडघा बाजूला निघाला होता, मी त्याला ढकलत होतो, तो माणूस मला ढकलत होता, आणि मला वाटलं की संपलं, मीही संपलो आणि तोही. मग माझा हात वाकला. वाकला, पण तुटला नाही. तो गडी घरंगळून बाजूला गेला.

सेमिसी जमिनीवर पालथा पडला होता. मैदान एकदम गप्प झालं. तसं ते फक्त पोरगं उठत नाही तेव्हाच होतं. मी आत कान लावून होतो. काही फाटल्याचा आवाज आला नव्हता. फिजिओबाई धावत आल्या, त्यांनी मला सोडवलं, गुडघा इकडेतिकडे हलवून बघितला आणि म्हणाल्या की शाबूत आहे. त्याला आधार देऊन बाकावर आणलं. टाळ्या झाल्या. ऑगी कपाटातला दुसरा एक तयार मापाचा पट्टा घेऊन आला. माझी अवस्था बघून तो चुकचुकला.

कोच ग्रेडी वाकले. त्यांच्या कपाळावर घाम होता. “बाई म्हणतायत ठीक आहे. लाइन फुटतेय रे. येशील ना?”

सेमिसीच्या हातात मी होतो. त्याने माझा वाकलेला हात अंगठ्याने चाचपला. मग कठड्याकडे बघितलं. आत्याने दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले होते. त्याने ‘बोलू नकोस’ म्हटलं होतं, ते ती पाळत होती.

“कोच, हा गुडघा सप्टेंबरपासून सुजतोय,” तो म्हणाला.

जवळच दोघे कोटवाले उभे होते. कॅमेराही होता. त्याने आवाज खाली केला नाही.

“हे मला आत्ता सांगतोस?”

“आत्ताच जमलं. मी आज उतरत नाही. आणि पुढच्या वर्षीही नाही. मी जातोय.”

मला वाटलं, कोच ओरडतील. त्यांनी टोपी काढली, घातली आणि बदली पोराला हाक मारली. थोड्या वेळाने त्यांनी पाण्याची बाटली आणून सेमिसीच्या शेजारी ठेवली. आम्ही तो सामना हरलो. वरच्या ओळींतून कुणीतरी सेमिसीला पळपुटा म्हणालं आणि त्याच्या चुलत बहिणींनी त्या माणसाची जी खरडपट्टी काढली ती इथे सांगण्यासारखी नाही.

सामन्यानंतर गाड्यांच्या तळावर मोतुलिकींनी पंगत मांडली होती. सेमिसी गुडघ्याला बर्फ बांधून, मला काखेत धरून लंगडत आला आणि आत्यासमोर उभा राहिला. “आत्या, आता बोल.”

तिचे डोळे सुजले होते. “आता मी काय बोलू?” ती म्हणाली. “आधी जेव.” तिने त्याच्या ताटात अळूचा घास ठेवला आणि मग त्याचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. वडील लांब उभे होते, ते पाठ फिरवून गाडीची काच पुसायला लागले. मी खुर्चीखाली पडून होतो. मला फार बरं वाटत होतं आणि फार वाईटही.

पुढचं मला ऐकून माहीत आहे. त्याने जानेवारीत नाव दिलं. संघांच्या डॉक्टरांनी एकामागून एक तोच गुडघा ओढून, वळवून बघितला, आणि त्याने प्रत्येकाला सप्टेंबरपासूनचं सगळं सांगितलं. एप्रिलमध्ये तिसऱ्या दिवशी, बऱ्याच उशिरा, त्याचं नाव पुकारलं गेलं. सॉल्ट लेकला आत्याच्या घरी सगळे इतके नाचले की शेजारी बघायला आले. उन्हाळा संपेपर्यंत तो टिकेल की नाही, कुणालाच माहीत नाही. वेडचं नाव कुणी घेतलं नाही. तो गुरांकडे गेला.

इथे मात्र रोज तेच बोलणं चालू असतं. आजही कोच ग्रेडी ऑगीच्या खोलीत आले आणि म्हणाले, “थांबला असता तर पहिल्या दिवशी गेला असता.” असेलही. त्याचा गुडघा वर्षभर टिकला असता तर कोच बरोबर ठरले असते. त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मी कधीच म्हटलं नाही. पण तो माणूस पडला तेव्हा त्या पायावर मी होतो, कोच नव्हते. त्यानंतर ‘थांब’ म्हणणाऱ्यांत मी राहिलो नाही. मला ते जमेना.

जाताना कोचनी मला उचललं आणि वाकलेल्या हातावरून बोट फिरवलं. मग नेहमीसारखे कामाचं बोलले. नवी पोरं आलीत, पट्टे कमी पडतायत. याच्या चौकटी नाही चालणार, पण हात आणि बिजागऱ्या सुट्या करून दुसऱ्याला बसवता येतील का बघ. ऑगी ‘बघतो’ म्हणाला.

तो आता बघतोय. माझे बंद त्याने काढलेत, आतल्या बाजूच्या गाद्या काढल्यात. आतला हात सरळ आहे, तो त्याने खुशाल घ्यावा. बिजागरीही एक चांगली आहे. पण बाहेरचा हात त्याने शिकंज्यात धरलाय आणि दांडा फिरवतोय. हात सरळ होतोय. मला कळतंय, पुसून ठेवला की तो नव्यासारखा दिसेल, आणि कुणीतरी म्हणेल की अजून एक हंगाम सहज जाईल.

ऑगी, माझं ऐकू येत असेल तर ऐक. वाकलेल्या जागी तो आतून गेलाय. वरून नाही दिसणार. हा हात कुठल्याही पोराच्या पायावर बसवू नकोस.